शब्दचर्चा: 'एक्स्चेंज बायस'ला काय म्हणाल? आणि चुंबकन उलटतं की पालटतं?

कडुनिंब:
एका विज्ञान मासिकासाठी हार्ड डिस्कच्या रीड हेडवरचा (डिस्कवरची माहिती वाचणाऱ्या भागावरचा) लेख मराठीत आणतेय. अडले आहे ते एक्स्चेंज बायस असलेल्या पातळ थरांतल्या मॅग्नेटायझेशन रिव्हर्सलपाशी, म्हणजे चुंबकनाची (थरातल्या चुंबकत्वाची) दिशा विरुद्ध होण्यापाशी. पहिल्या खर्ड्यात 'विनिमय पूर्वग्रह' लिहिलं होतं. संपादकांनी समासात विचारलं, "चुंबकाचा पूर्वग्रह? कोणाबद्दल?"

भानगड अशी: लोहचुंबकीय (लोखंडासारखा चुंबक होणाऱ्या) थराला प्रतिलोहचुंबकीय थर (ज्यातले शेजारशेजारचे अणुचुंबक विरुद्ध दिशांना असल्याने बाहेर चुंबकत्व दिसत नाही) चिकटवायचा आणि चुंबकीय क्षेत्रात ठेवून थंड करायचं. मग पहिल्या थराची दिशा एकीकडे फिरवायला जास्त जोर लागतो, परत आणायला कमी. समजा लूप (क्षेत्र पुढेमागे नेलं की चुंबकनाच्या आलेखात उमटणारा बंद फास) शून्याभोवती असता तर थर दोन्हीकडे २०० ओर्स्टेडला (हे क्षेत्राचं एकक) फिरला असता. आता तो उणे ३०० ला फिरतो आणि अधिक १०० लाच परत येतो, म्हणजे अख्खा लूप १०० ने बाजूला सरकतो. या सरकण्याला 'बायस' म्हणतात. आणि रिव्हर्सल म्हणजे उलटणं, पालटणं की व्युत्क्रमण? सोमवारी द्यायचंय.

तळटीप:
विनिमय अभिनती. चुंबकन-विपर्यय. पातळ थर नव्हे, तनुपटल. शब्द आहेत, वापरायची लाज वाटते इतकंच.

लूपवाला:
याच विषयात प्रयोगशाळेत पाच वर्षं काढली. 'अभिनती' एकदाही ऐकलं नाही. आम्ही मराठी पोरं आपसात "आज लूप सरकलाच नाही रे" म्हणायचो, आणि ज्याने सॅम्पल थंड करताना फील्ड चालू करायचं विसरलं तो चहा पाजायचा.

एक सांगतो. १९५६ साली माइकलजॉन आणि बीन यांना हे जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत सापडलं. कोबाल्टचे बारीक कण, वर कोबाल्ट ऑक्साइडची साल. त्यांनी 'बायस' म्हटलंच नव्हतं, त्यांचा भर अनायसोट्रॉपीवर होता, म्हणजे दिशेदिशेत भेद. तेव्हा 'बायस'च्या मागे शब्दकोश घेऊन धावू नका. 'विनिमया'चीही मला धास्तीच आहे. वाचकाला डॉलरचा दर आठवणार.

उंबरठा:
मला भौतिकशास्त्र कळत नाही, पण नातू साडेचार महिन्यांचा आहे. चटकन पालथा पडतो. परत उताणं होणं जमत नाही, मग नाक गादीत खुपसून घर डोक्यावर घेतो. दिवसातून वीस वेळा मी त्याला सरळ करते. जायला सोपं, यायला अवघड. तुमचा थर हेच करतो ना? मग 'पालथं पडणं' म्हणा की.

तळटीप:
ताई, फारच छान. 'पालथा' हा प्राकृत 'पल्लत्थ' आणि संस्कृत 'पर्यस्त'वरून आला. म्हणजे आपल्याला 'चुंबकीय पर्यसन' असा शब्द घेता येईल.

उंबरठा:
अहो, मी नातवाचं बोलत होते!

माळरान:
तळटीपकाका पालथ्यालाही सोवळं नेसवणार.
माझं मत 'उलटणं'. 'पालट'मध्ये नुसता बदल आहे. हवापालटाला महाबळेश्वरला जातो तेव्हा हवा काही १८० अंशांत फिरत नाही. दिवस पालटतात, रूप पालटतं. साक्षीदार मात्र उलटतो, डाव उलटतो. इथे दिशा थेट विरुद्ध होते ना?

लूपवाला:
शेवटी विरुद्ध होते, पण कशी होते त्यात गंमत आहे. काही नमुन्यांत जाताना एका प्रकारे आणि येताना दुसऱ्याच प्रकारे. एका फेरीत सगळं चुंबकन मिळून हळूहळू वळतं, झोपेत कूस बदलावी तसं. दुसऱ्या फेरीत कोणी वळत नाही. योग्य दिशेचा एक छोटा तुकडा तयार होतो, त्याची सीमाभिंत (डोमेन वॉल) पुढे सरकत जाते आणि शेजारचा तुकडा खाऊन टाकते. 'उलटणं' म्हटलं की हा फरक बुजतो.

माळरान:
म्हणजे बांध कोरणं! आमच्या शेजाऱ्याने दर नांगरटीला एकेक तास आत घेत दोन पिढ्यांत असंच केलं. जमीन जागची हलली नाही, फक्त बांध सरकला. मोजणी आणली तेव्हा म्हणतो, बांध पहिल्यापासून इथेच आहे.

लूपवाला:
डोमेन वॉल म्हणजे बांध. हे मी चोरणार.

तळटीप:
चोरा. पण शास्त्राची परिभाषा सातबाऱ्यावर चालत नाही. यूइंग या स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञाने १८८०च्या दशकात टोकियोत शिकवताना लोखंडाचं चुंबकन क्षेत्राच्या मागे रेंगाळतं त्याला 'हिस्टेरिसिस' नाव दिलं, तेही ग्रीकमधून घेऊन. तेव्हा त्याला कोणी म्हणालं नाही की बोजड आहे. आम्ही संस्कृतकडे गेलो की मात्र सोवळं.

माळरान:
त्याचा शब्द लोकांनी उचलला. तुमची 'अभिनती' कोणी उचलली? लूपवाल्याने पाच वर्षांत एकदाही नाही.

शिळीभाकरी:
बायससाठी 'झुकतं माप' कसं वाटतं? तराजूचा काटा आधीच एकीकडे. 'जोडथराचं झुकतं माप.'

कडुनिंब:
'झुकतं माप' आवडलं, पण मथळ्यात बसेल का बघते. रिव्हर्सलचं अजून ठरत नाहीये. आणि पुढच्याच परिच्छेदात 'ट्रेनिंग इफेक्ट' आहे: फेऱ्या वाढतात तसं ते सरकणं थोडं थोडं कमी होत जातं. मी 'प्रशिक्षण परिणाम' लिहून ठेवलंय, पण वाचून मलाच कसंतरी होतंय.

उंबरठा:
भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं? न फिरवल्याने! मग 'फिरवणं'च घ्या ना.

माळरान:
भाकरी फिरवतात कोड्यात. तव्यावर ती उलटतात.

शिळीभाकरी:
उलटतात? आमच्याकडे परततात. उलटतं ते पोट.

उंबरठा:
परततात तो कांदा. भाकरी पाण्याचा हात लावून उलथतात, म्हणून तर उलथनं.

शिळीभाकरी:
आमच्याकडे भाकरीला उलथनं लागत नाही. हातानेच.

माळरान:
हाताने?! ज्वारीची की बाजरीची?