मदत हवी आहे: दोन नोकऱ्या, टीडीएस शून्य आणि आता ३० हजारांचा टॅक्स

नमस्कार मंडळी. मी राळेगाव तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका खेड्यात राहतो, बियाण्यांच्या धंद्यात नोकरीला आहे. २०२४ च्या एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत एका कंपनीत होतो, पगार महिना ६० हजार. ऑक्टोबरपासून दुसरीकडे ८० हजारांवर लागलो. दोन्हीकडे टीडीएसचा (पगारातूनच आधी कापला जाणारा टॅक्स) एक रुपयाही कापला नाही. सात लाखांपर्यंत टॅक्स लागत नाही असं ऐकून होतो, त्यामुळे मी निश्चिंत.

परवा रिटर्न भरायला बसलो आणि मार्च २०२५ पर्यंतचे दोन्ही पगार एकत्र मांडले. ८,४०,००० झाले. नव्या करपद्धतीत ७५,००० ची वजावट जाऊन ७,६५,००० उरतात. म्हणजे सात लाखांपर्यंतची सूट गेली! टॅक्स सेससकट (उपकर) २७,५६०, त्यावर वर्षभरात आगाऊ टॅक्स न भरल्याचं २३४बी आणि २३४सी कलमांचं व्याज, सगळं मिळून ३०,३२०. तीनदा करून पाहिलं, आकडा तोच येतो.

आता हंगाम असा की पऱ्हाटीला (कपाशीला) नुकत्या पात्या, म्हणजे कळ्या लागताहेत. खताची, फवारणीची उधारी कृषी केंद्रात आहे, पोळा तोंडावर आला. सीतादही (वेचणीआधीची पूजा) होऊन कापूस विकल्याशिवाय वावरातून पैसा येत नाही. माझ्या खात्यात १४ हजार आहेत. गावात महिना तीन रुपये शेकड्यानं पैसे मिळतात, पण त्या वाटेनं आमच्या घरानं एकदा फार सोसलं आहे. बाबांना अजून काही सांगितलं नाही, रात्री झोप लागत नाही.

कापूस येईपर्यंत रिटर्न थांबवलं तर चालेल का? चूक नव्या कंपनीची असेल तर निदान व्याज तरी तिच्याकडून मागता येईल का? आणि सातबारा बाबांच्या नावावर आहे, तर शेतीचं उत्पन्न माझ्या रिटर्नमध्ये धरायचं का?

प्रतिसाद १
भाऊ, आधी एक करा, तीन रुपये शेकड्यानं उचलू नका. सरकारचं व्याज महिन्याला एक टक्का आहे. कापसापर्यंत थांबूही नका. यंदा, म्हणजे २०२५ ला, रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर केली आहे. ती चुकली तर तुमच्या उत्पन्नाला ५,००० विलंब शुल्क लागेल, शिवाय उशिरा रिटर्नचं २३४ए चं व्याज वेगळं.

टॅक्स एकरकमीच भरला पाहिजे असं नाही. आज १४ हजारांचं एक चलन (टॅक्स भरण्याची पावती), सप्टेंबरमध्ये पगार हातात आला की उरलेल्याचं दुसरं, मग रिटर्न. उरलेल्या रकमेवर सप्टेंबरचं व्याज वाढेल, ते रिटर्नच्या हिशेबात दिसेलच. पोर्टलवर 'ई-पे टॅक्स' मध्ये निर्धारण वर्ष २०२५-२६ (म्हणजे २०२४-२५ च्या कमाईचं) निवडा आणि प्रकार 'सेल्फ असेसमेंट टॅक्स (३००)'. बरेच जण तिथे चुकून ॲडव्हान्स टॅक्स टिचकवतात, मग निस्तरत बसावं लागतं.

कंपनीकडून व्याज मिळायचं नाही. जुन्या पगाराची माहिती फॉर्म १२बी मध्ये नव्या मालकाला आपण द्यायची असते. ती मिळाली नाही तर ते फक्त आपल्याकडचे सहा महिने धरतात, ते सात लाखांच्या आत बसतात, टीडीएस शून्य.

शेती बाबांची, उत्पन्न बाबांचं. तुमच्या रिटर्नमध्ये नाही.

प्रतिसाद २
२०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या कमाईसाठी पगारातली वजावट सोडून १२ लाखांपर्यंत नव्या पद्धतीत टॅक्स शून्य आहे. तुमचे ८० हजार महिना त्यात बसतात. एवढं एकच वर्ष निभवायचं आहे. बाबांना सांगून टाका भाऊ, त्यांना बाहेरून कळण्यापेक्षा बरं.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. दोन चलनं चालतात हे माहीतच नव्हतं. १४ हजारांचं आत्ताच भरलं, पावती उतरवून ठेवली. दुसरं १ तारखेच्या पगारातून भरतो. बाबा वावरातून आले की त्यांच्याजवळ बसतो.