रविवारी व्हिएतनामी: कोण कोण येतंय?

मी: काल त्या व्हिएतनामी ठिकाणी जाऊन आलो. एवढंसं आहे. सहा टेबलं, बसायला बुटकी स्टुलं. फोटो टाकलाय बघा.

काका: हा वाडगा आहे की घमेलं?

मी: एका माणसाला एक घमेलं, काका. हा फो, म्हणजे नूडल्स घातलेला मांसाचा रस्सा. लिहितात फो, पण म्हणायचं साधारण 'फऽ'. मी ठणकावून 'फो' म्हणालो, तर वाढणारी मुलगी गालातल्या गालात हसली.

वहिनी: शेजारच्या ताटलीत पाला कसला?

मी: तिथेच फजिती झाली ना! तुळशीच्या जातीची पानं, पुदिना, मोड, लिंबाची फोड. मला वाटलं सॅलड. निम्मा पाला कोरडाच चघळला. मग पलीकडचे आजोबा पानं खुडून वाडग्यात टाकताना दिसले.

दादा: मी कामासाठी हनोईला गेलो होतो तेव्हा ही ताटली नव्हती. नुसता रस्सा, नूडल्स, मांस, वर कांद्याची पात. पाल्याचा थाट दक्षिणेचा. फो मुळात उत्तरेचा. १९५४ मध्ये देशाचे दोन तुकडे झाले, उत्तरेतून लाखो माणसं दक्षिणेत गेली आणि फो पण त्यांच्याबरोबर गेला. तिकडे जाऊन नटला.

बाबा: इतिहास राहू दे. चव कशी होती?

मी: बाबा, रस्सा दिसायला पाण्यासारखा. पण तोंडात गेल्यावर आधी चक्रीफूल, मागून दालचिनी. कांदा नि आलं काळं होईस्तोवर भाजतात आणि हाडांबरोबर तासन् तास मंद आचेवर ठेवतात. मांसाचे कच्चे, कागदासारखे काप नूडल्सवर ठेवून वर उकळता रस्सा ओततात. टेबलावर येईपर्यंत त्यांचा गुलाबी रंग उडत आलेला असतो. आणि मी शहाण्याने काय केलं? न चाखताच लाल आणि काळा, दोन्ही सॉस पिळले. उरलेला वाडगाभर सॉसच प्यायलो. तुम्ही आधी नुसता रस्सा घ्या.

आत्या: आणि मी काय तुमची तोंडं बघत बसू?

वहिनी: आत्या, मेनूत भाज्यांचे रोल आहेत ना.

दादा: थांब, नुसत्या भाज्या बघून मागवू नका. बुडवायच्या चटणीत नुओक माम असतं. मासे मिठात महिनोन् महिने मुरवून काढलेलं पाणी. ते रश्शातही पडतं. मागताना 'चाय' म्हणायचं, म्हणजे पूर्ण शाकाहारी. तिकडचे बरेच बौद्ध चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी चायच खातात, त्यामुळे त्यांना बरोबर कळतं.

आत्या: आणि चहा आणून ठेवला म्हणजे?

दादा: नाही आणणार गं. चहाला त्यांचा वेगळा शब्द आहे.

मी: मी विचारून आलोय. चायचा रस्सा वेगळ्या पातेल्यात करतात, मुळा, गाजर आणि मशरूमचा. वर टोफू.

काका: कॉफीचं सांग. फोटोत कपावर ते डबडं काय ठेवलंय?

मी: ते फिन, म्हणजे गाळणी. तळाशी कंडेन्स्ड मिल्क, वरून कॉफी थेंब थेंब पडते. मी दर मिनिटाला झाकण उघडून बघत होतो. ढवळायचं राहिलंच, सगळा गोडवा तळाशी! पण कडक आहे हं. बहुतेक रोबस्टा, तिकडे तीच जास्त पिकते.

बाबा: ताई, येतेस ना मग? हो किंवा नाही सांग, टेबल सांगून ठेवायला हवं.

आत्या: त्या स्टुलावरून मला उठवणार कोण?

दादा: आत्या, २०१६ मध्ये ओबामा हनोईत अशाच स्टुलावर बसून बुन चा, म्हणजे भाजलेलं डुकराचं मांस नि नूडल्स, खाऊन गेले.

आत्या: त्यांचे गुडघे त्यांच्यापाशी.

मी: भिंतीला लागून दोन खुर्च्या आहेत.

आत्या: मग येते. पण चायचा रस्सा रविवारी आहे ना, आधी फोन करून विचार.

काका: दुसरी खुर्ची माझी.