विज्ञानकथेतला प्रलय काळानुसार कसा बदलला?

विश्रामबागकर, सांगली:
आमच्या वाचक गटात मला पुढच्या महिन्यात विज्ञानकथेतल्या प्रलयाविषयी बोलायचे आहे. 1898 साली इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्सने आपल्या कादंबरीत मंगळवासी पृथ्वीवर उतरवले तेव्हा संकट आकाशातून येत होते, आणि 1945 च्या हिरोशिमानंतर ते माणसाच्याच हातून घडू लागले, अशी माझी मांडणी आहे. ती टिकेल का?

कऱ्हाडचा वाचक:
जशीच्या तशी टिकणार नाही. त्याच वेल्सने 1914 सालच्या कादंबरीत, म्हणजे हिरोशिमाच्या 31 वर्षे आधी, शहरांवर अणुबाँब टाकले होते, आणि शब्दही हाच वापरला होता. त्याही मागे जा. 1815 साली इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्यामुळे पुढच्या वर्षी युरोपला उन्हाळा असा लाभलाच नाही, आणि जिनिव्हाच्या तळ्याकाठी पावसाने घरात कोंडून पडलेल्या मेरी शेलीने ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही विज्ञानकथेची सुरुवात मानली जाणारी कादंबरी लिहायला घेतली. हवामान असे का बिघडले, हे तेव्हा तिथे कोणालाच ठाऊक नव्हते. बिघडलेले हवामान या साहित्याच्या जन्मापासून सोबत आहे. कथेच्या केंद्रस्थानी यायला मात्र त्याला फार उशीर लागला.

गावभागातली वाचक, सांगली:
मला कारणापेक्षा सुटकेतला फरक मोठा वाटतो. वेल्सच्या मंगळवासीयांना जंतू मारतात, माणूस नुसता पाहत राहतो. नारळीकरांच्या हिमप्रलयाच्या कथेत मुंबईत बर्फ पडतो, पण उपाय शास्त्रज्ञांच्या हाती असतो. शाळेत असताना ती वाचून मला फार धीर आला होता. अलीकडच्या कथांत असा तारणहार क्वचितच भेटतो, माणसे बिघडलेल्या जगातच संसार रेटत राहतात, आणि 2019 च्या पुरानंतर मला त्या अधिक जवळच्या वाटतात. तेव्हा आमची पुस्तके भिजून इतकी फुगली की ती बाहेर काढण्यासाठी कपाटाची फळी फोडावी लागली. आता कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की आम्ही सर्वांत आधी खालचा कप्पा रिकामा करतो.

विश्रामबागकर, सांगली:
दोघांचेही आभार. तांबोरापासून सुरुवात करतो आणि ‘संकट कुठून आले’ याऐवजी ‘संकटात कोण काय करते’ हा धागा धरतो. ताई, फळीची हकिकत तुमचे नाव न घेता सांगितली तर चालेल का?