जर्मनीतली गाडी डेन्मार्कला न्यावी की विकावी?

एल्बेकाठ

नमस्कार मंडळी. सध्या आम्ही हॅम्बर्गला राहतो. मला डेन्मार्कातल्या आर्हुसमध्ये नोकरी मिळाली आहे आणि मार्चमध्ये रुजू व्हायचं आहे. मुलगी चौथीत आहे. तिची शाळा उन्हाळ्यात संपेल, तोवर ती आणि बायको इथेच राहतील आणि मी शनिवार-रविवारी ये-जा करेन.

प्रश्न गाडीचा आहे. श्कोडा ऑक्टाविया कॉम्बी, पेट्रोल, पाच वर्षं जुनी, ८० हजार किलोमीटर झालेली. गाडी उत्तम स्थितीत आहे आणि बायकोचा तिच्यावर फार जीव आहे. बँकेचं थोडं कर्ज अजून बाकी आहे. ऑफिसातले लोक सांगतात की डेन्मार्कात गाडीवर दीडशे टक्के कर लागतो, म्हणजे गाडी न्यायची तर तिच्या दीडपट पैसे सरकारला द्यायचे. दुसरीकडे असंही वाचलं की घरसामानाबरोबर आणलेल्या वाहनाला माफी असते. खरं काय? आणि न्यायचीच झाली तर सुरुवात कुठून करू? अनुभवींनी कृपया सविस्तर लिहावं.

ट्युलिपवाला

आम्ही म्युनिकहून आइंडहोव्हनला आलो तेव्हा गाडी घेऊन आलो. नेदरलँड्समध्ये बीपीएम नावाचा गाडीच्या नोंदणीवरचा कर आहे, पण स्थलांतर करणाऱ्याला त्यात माफी मिळते. आधी किमान १२ महिने देशाबाहेर राहिलेलं असावं, गाडी किमान ६ महिने आपल्या नावावर आणि वापरात असावी, आणि आल्यावर १२ महिने ती विकायची किंवा दुसऱ्याला वापरायला द्यायची नाही. अर्ज केला, कागद जोडले, काम झालं. डेन्मार्कातही असं काही असेल. चौकशी करा.

फ्योर्डवरची सई

एल्बेकाठ, आधी ट्युलिपवाल्यांचा मुद्दा घेते, कारण नेमक्या याच समजुतीवर लोक इकडे गाडी घेऊन येतात आणि मग अडकतात. डेन्मार्कात ती माफी नाही. तुम्ही वाचलेली माफी खरी आहे, पण ती वेगळ्या करांची. युरोपीय संघाबाहेरून कोणी घर हलवून आला तर गाडीवरची १० टक्के जकात आणि २५ टक्के व्हॅट या दोन्हींतून अटींसह सुटका मिळते. दीडशे टक्के म्हणतात तो नोंदणी कर त्यात येत नाही. तुमची गाडी जर्मनीतून येणार, त्यामुळे जकातीचा प्रश्नच नाही. व्हॅटही नाही, कारण ती ६ महिन्यांहून जुनी आणि ६ हजार किलोमीटरांहून जास्त चाललेली आहे. यातली एक जरी अट पुरी झाली नाही तरी गाडी 'नवी' धरतात आणि २५ टक्के लागतात. हे अशांसाठी लिहिते आहे जे निघायच्या तोंडावर जर्मनीत कोरी गाडी घ्यायचं म्हणतात.

आता नोंदणी कर. आम्ही श्टुटगार्टहून इथे आलो तेव्हा मी हा हिशोब कागद-पेन्सिल घेऊन नीट मांडला होता, म्हणून ठामपणे सांगते: दीडशे टक्के हा दर खरा आहे, पण तो सगळ्या किमतीवर लागत नाही. टप्पे आहेत. २०२१ च्या रचनेत पहिल्या ६५,००० डॅनिश क्रोनरवर २५ टक्के, तिथून २,०२,२०० पर्यंत ८५ टक्के आणि त्यापुढच्या रकमेवर १५० टक्के. एकूण करातून २१,७०० वजा. पुढे दर वर्षी हे आकडे थोडे सरकत गेले आहेत, रचना तीच. गाडी किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते त्यानुसार अधिभार वेगळा.

समजा तुमची गाडी नवी असताना व्हॅट धरून पण नोंदणी करापूर्वीची किंमत २ लाख क्रोनर होती. पहिल्या टप्प्याचे १६,२५०, दुसऱ्याचे १,१४,७५०, बेरीज १,३१,०००. त्यातून २१,७०० गेले की १,०९,३०० उरतात. पण हा नव्या गाडीचा कर झाला. जुन्या गाडीची किंमत ज्या प्रमाणात उतरली त्याच प्रमाणात करही उतरतो. अशीच गाडी डेन्मार्कात आज नव्याच्या ४५ टक्के किमतीला जात असेल, तर कर ४९,१८५ क्रोनर, म्हणजे साधारण ६,६०० युरो. अधिभार त्यावर. रक्कम मोठीच आहे, पण तुमच्या ऑफिसातले सांगतात तशी ती गाडीच्या दीडपट नाही. आणि हे प्रमाण सरकारची मेहेरबानी म्हणून नाही. देशातल्या जुन्या गाडीच्या किमतीत जेवढा कर शिल्लक असतो त्याहून जास्त कर बाहेरून आलेल्या तशाच गाडीवर लावता येत नाही, हे युरोपीय न्यायालयाने डेन्मार्कला बजावलेलं आहे.

म्हणूनच तुम्ही जर्मनीत गाडी कितीला घेतली याला इथे काही अर्थ नाही. बघतात ते डेन्मार्कातला बाजारभाव. बिलबासन या साइटवर तुमचंच मॉडेल, तेच वर्ष, तेच इंजिन, जवळपास तेवढेच किलोमीटर अशा जाहिराती शोधा. ऑक्टाविया कॉम्बी इथे खूप दिसते, त्यामुळे तुलना सोपी जाईल. टो-हुक, पॅनोरमा छत, चामडी सीट अशा गोष्टींनी भाव चढतो आणि त्याबरोबर करही. गाडीला ओरखडे, पोचे असतील तर झाकायला जाऊ नका, फोटो काढून ठेवा.

माझ्या मते खरी मेख पुढे आहे. भरलेला कर वाऱ्यावर जात नाही, तो गाडीच्या किमतीत मुरतो. वरचंच उदाहरण घ्या. कर भरल्यावर ती गाडी इथे साधारण १,३९,००० ची होते. चार वर्षांनी ती नव्याच्या २५ टक्क्यांवर आली तरी ७७,००० ला विकली जाईल आणि त्यात कराचे २७ हजार परत तुमच्या हातात येतील. म्हणजे चार वर्षांत करापायी खरे गेले ते २२ हजारांच्या आसपास. देश सोडताना गाडी बाहेर नेली तरी उरलेल्या मूल्यावरचा कर काही कपात करून परत मिळतो. त्यासाठी नेण्याआधी इथे तपासणी करून घ्यावी लागते. त्यामुळे "कर किती" एवढंच विचारून भागणार नाही. किती वर्षं राहणार आणि सुरुवातीला एवढी रोकड हाताशी आहे का, हे आधी ठरवा. नव्या देशात घराची अनामत, फर्निचर, मुलीच्या वस्तू हे सगळं एकाच महिन्यात अंगावर येतं. त्यात पन्नास हजार क्रोनर गाडीत अडकवणं प्रत्येकाला झेपत नाही आणि त्यात कमीपणा काही नाही.

कागदांचं म्हणाल तर तुमच्या बाबतीत सगळ्यात आधी बँकेचं कर्ज. जर्मनीत कर्ज फिटेपर्यंत गाडीच्या नोंदणीपत्राचा दुसरा भाग बँकेच्या ताब्यात असतो. तो मूळ कागद हातात नसेल तर इथे नोंदणी होणार नाही. कर्ज फेडून टाका आणि तो कागद पोस्टाने मागवून घ्या. याला वेळ लागतो, म्हणून आजच पत्र पाठवा. दुसरा कागद सीओसी, म्हणजे निर्मात्याचं अनुरूपता प्रमाणपत्र. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर तो बहुतेक वेळा कुठेतरी हरवलेला असतो. निर्मात्याकडून नवा मागवता येतो.

इथे आल्यावर गाडी तपासणी केंद्रात न्यावी लागते. आमच्या वेळी तपासनीसाने पहिल्यांदा टॉर्च लावून काचेखालचा चासी नंबर वाचला आणि सीओसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर बोट ठेवून ताडून पाहिला. मग टायरची साइज कागदाशी जुळते का ते पाहिलं आणि त्यानंतर गाडी लिफ्टवर चढवली. आमच्या ब्रेक डिस्क गंजलेल्या होत्या, त्या बदलून पुन्हा यावं लागलं. तेव्हा ब्रेक, टायर, दिवे हे हॅम्बर्गलाच करून घ्या, तिथे मजुरी स्वस्त पडते. सीपीआर नंबर (इथला व्यक्तिगत ओळख क्रमांक) आणि मिटआयडी (ऑनलाइन ओळख) मिळाल्याशिवाय पुढची ऑनलाइन कामं हलत नाहीत, त्यामुळे आल्या आल्या तेच हाती घ्या.

एल्बेकाठ

सईताई, मनापासून आभार. इतकं स्पष्ट कुणीच सांगितलं नव्हतं. आज बँकेला पत्र टाकतो. आम्ही निदान पाच वर्षं तरी राहू असं दिसतंय.

एक शंका उरली. मार्च ते जुलै मी आर्हुसला आणि घरचे हॅम्बर्गला. या काळात मी जर्मन नंबरप्लेटवर तिथे गाडी चालवली तर चालेल का?

फ्योर्डवरची सई

इथे मात्र फार जपून पाऊल टाका. डेन्मार्कात वास्तव्य सुरू झालं की ३० दिवसांत गाडी नोंदवावी लागते. पण वास्तव्य कुठे धरायचं याचा युरोपीय नियम थोडा वेगळा आहे. वर्षात किमान १८५ दिवस जिथे राहता ते तुमचं ठिकाण. मात्र नोकरी एका देशात आणि कुटुंब दुसऱ्या देशात असेल आणि तुम्ही नियमित घरी जात असाल, तर कुटुंबाचं ठिकाण धरतात. तुमची ये-जा अशीच राहणार, त्यामुळे बाजू तुमच्याकडून मांडता येईल. तरी मोटरस्टूरेल्सनला, म्हणजे वाहन कराच्या कार्यालयाला, आधी लिहा आणि उत्तर लेखीच घ्या. रस्त्यात पोलिसांनी थांबवलं तर तोंडी सांगितलेलं कामी येत नाही, आणि नियम मोडल्याचं ठरलं तर कर आणि दंड दोन्ही तुमच्यावर येतात.

मला विचाराल तर जुलैपर्यंत गाडी बायकोकडेच राहू द्या. लहान मुलगी घेऊन त्या एकट्या राहणार, तेव्हा गाडीची गरज त्यांना जास्त आहे. तुम्ही रेल्वेने ये-जा करा. आर्हुसमध्ये सायकल आणि बसवर आरामात भागतं.

उत्तरवारा

थोडं वेगळं मत मांडतो. मी गाडी बर्लिनला विकून आलो आणि इथे जुनी इलेक्ट्रिक घेतली. इलेक्ट्रिकला नोंदणी करात मोठी सूट आहे, त्यामुळे पेट्रोल गाडीच्या मानाने ती इथे जर्मनीइतकी महाग वाटत नाही. तुमची गाडी पाच वर्षांची आहे. तुम्ही पाच वर्षं राहिलात तर तेव्हा ती दहा वर्षांची होईल. दुरुस्तीचा खर्च वाढत्या वयात आणि तोही डॅनिश मजुरीने, हे सईताईंच्या हिशोबात धरायला हवं. शिवाय वाहन बाळगण्याचा कर दरसाल येत राहतो, तो वेगळा.

फ्योर्डवरची सई

उत्तरवारा, दुरुस्तीचा मुद्दा पटला, तो धरायलाच हवा. एल्बेकाठ, दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा. एकीकडे हॅम्बर्गला गाडी विकून येणारे पैसे आणि इथे जुनी इलेक्ट्रिक घ्यायचा खर्च, दुसरीकडे कर, सीओसी, तपासणी आणि दुरुस्ती. फरक थोडाच निघाला तर मी तुमच्या जागी असते तर गाडी आणली असती. जिचा प्रत्येक आवाज ओळखीचा आहे अशी गाडी पहिल्या हिवाळ्यात मोठा आधार असते आणि तुमच्या बायकोच्या मनाचाही विचार व्हायला हवा.

आणखी एक. जर्मन विमा कंपनीकडून अपघातमुक्त वर्षांचा दाखला इंग्रजीत मागून ठेवा. पॉलिसी चालू असताना तो लगेच मिळतो, बंद केल्यावर पाठपुरावा करत बसावं लागतं. इथल्या विम्याचा हप्ता त्यावर बराच अवलंबून असतो. आणि इथली नोंदणी पक्की होईपर्यंत हॅम्बर्गची नोंदणी रद्द करू नका.

एल्बेकाठ

बँकेचं उत्तर आलं. उरलेली रक्कम भरली की दोन आठवड्यांत कागद पाठवतील. विम्याच्या दाखल्यासाठीही लिहिलं. मोटरस्टूरेल्सनला पाठवायचं पत्र आज रात्री लिहायला घेतो. त्यांचं उत्तर आलं की इथेच टाकेन, पुढे येणाऱ्यांना उपयोग होईल.