अमृतानुभवाचे सातवे प्रकरण कसे वाचावे? मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. देव, पूजा, उपवास यांवरची माझी श्रद्धा बऱ्याच वर्षांपूर्वी ओसरली. तरीही आजीची लाल फडक्यात बांधलेली ज्ञानेश्वरी, जिच्या बाराव्या अध्यायाच्या पानांवर तिच्या बोटांचे हळदीचे ठसे अजून दिसतात, मी रोज पहाटे उघडतो. सध्या ज्ञानदेवांचाच अमृतानुभव हा तत्त्वविचाराचा ग्रंथ वाचत आहे. तिसऱ्या प्रकरणात ज्ञानदेव सांगतात की, शिवाने किंवा श्रीकृष्णाने म्हटले एवढ्याचसाठी आपण हे मानत नाही, ते बोलले नसते तरीही मानले असते. तेराव्या शतकातले हे धैर्य पाहून मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो.

सातव्या प्रकरणात, म्हणजे अज्ञानखंडनात, मात्र मी पार अडकलो आहे. अज्ञान मुळात नाहीच, तर ते खोडण्यासाठी एवढा दीर्घ युक्तिवाद कशाला, हे मला उलगडत नाही. माळ न घालता, केवळ विचार म्हणून हे प्रकरण कुणी वाचले आहे का? ओवीनिहाय अन्वय आणि शब्दार्थ देणारी कोणती प्रत घ्यावी? वारकरी अभ्यासकांनीही कृपया सांगावे, श्रद्धेविना हा ग्रंथ खरोखर उघडतो का?