शंख तिथेच राहिला, चष्मा गेला

तिरपागडा
विल्यम गोल्डिंगची 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' (१९५४) ज्यांना कॉलेजात नेमलेली होती, त्यांच्या डोक्यात एक तक्ता पक्का असतो. शंख म्हणजे लोकशाही, पिगीचा चष्मा म्हणजे विज्ञान, काठीवर खोचलेलं डुकराचं मुंडकं म्हणजे आपल्या आतलं पाप. पेपरात यावर मार्क मिळतात, पण पोरं भांडली कशावरून ते यातून कळत नाही.

(न वाचलेल्यांसाठी: युद्धकाळात विमान पडून इंग्रज शाळकरी मुलं निर्मनुष्य बेटावर अडकतात, सोबत मोठं माणूस एकही नाही. राल्फ प्रमुख होतो. शंख फुंकला की सभा भरते, आणि शंख ज्याच्या हातात त्यानेच बोलायचं. चष्मेवाला पिगी राल्फच्या बाजूचा. चर्चमधल्या गायक मुलांचा म्होरक्या जॅक शिकारी टोळी काढतो. मग जीव जातात. जी. ए. कुलकर्णींनी मराठी अनुवाद केलेला आहे.)

माझं म्हणणं, शंखाचं उगाच कौतुक झालंय. जॅकची टोळी रात्री राल्फच्या झोपडीवर धाड घालते, तेव्हा पिगीला वाटतं हे शंखासाठी आले. राल्फ पळत जाऊन बघतो, तर शंख जागच्या जागी. नेलाय तो चष्मा, कारण त्याच्या काचेशिवाय बेटावर विस्तव पेटत नाही. भांडण पहिल्यापासून विस्तवाचंच आहे. राल्फला जहाजाला दिसेल असा धूर हवा, जॅकला मांस भाजायचंय. आणि शेवटी जहाज येतं ते राल्फच्या धुरामुळे नाहीच, राल्फला मारण्यासाठी जॅकने जे रान पेटवलं त्याच्या धुरामुळे! तक्त्याच्या कुठल्या रकान्यात बसवणार हे?

मावशीबोली
विस्तवाचं मान्य. पण शंखाला इतकं स्वस्तात काढू नका. जॅक भर सभेत विचारतो, राल्फ प्रमुख नको असं कोणाला वाटतं, हात वर करा. एकही हात वर होत नाही. जॅक रडकुंडीला येऊन निघून जातो, आणि नंतर मोठी पोरं गुपचूप त्याच्याकडे सटकतात. तोंडावर हात वर करायची लाज वाटली ना? त्या लाजेलाच मी शंखाचा वचक म्हणते.

जॅकच्या टोळीतला रॉजर आठवा. सुरुवातीला तो एका बारक्याच्या दिशेने दगड मारतो, पण मुद्दाम आजूबाजूला. आईबाप, शाळा, पोलीस यांचा धाक हातात अजून शिल्लक आहे. शेवटी तोच रॉजर पिगीवर शिळा लोटतो, आणि त्याच घावात शंखाचाही चुरा होतो. शंखाला किंमत नव्हती, तर तो गेला म्हणून जॅक ओरडतो कशाला?

तिरपागडा
वचक होता, पण कशाचा? राल्फला निवडलं तेव्हा म्होरकेपणाची सवय जॅकला होती, अक्कल पिगीकडे होती. राल्फकडे काय? अंगापिंडाने बरा, दिसायला चांगला, आणि हातात तो चकचकीत शंख. पोरं भुलली. जी गोष्ट भुरळ पाडून आली ती दुसरी मोठी भुरळ दिसली की जाणारच. मांसाचा वास पुरला.

खारं बिस्किट
तुम्ही दोघं कादंबरीच्या आतच भांडताय. मला अख्खा डावच लावलेला वाटतो. मुलगी एकही नाही, सगळे इंग्रज शाळांतले, त्यात एक टोळी आधीच गणवेशात रांगेने चालत येते. एवढी तयारी केल्यावर रक्त सांडणारच.

खरोखर काय झालं ते बघा. १९६५ साली पॅसिफिक महासागरातल्या टोंगा देशातली सहा मुलं शाळेतून पळून, दुसऱ्याची बोट घेऊन निघाली आणि वादळात भरकटून आटा नावाच्या ओसाड बेटावर लागली. पंधरा महिने राहिली. कामं वाटून घेतली, विस्तव विझू दिला नाही, एकाचा पाय मोडला तो बसवला, भांडण झालं की भांडणाऱ्यांना थोडा वेळ लांब पाठवायचे. १९६६ मध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन कप्तानाने त्यांना सोडवलं तेव्हा सहाच्या सहा धडधाकट.

मावशीबोली
हे उदाहरण हल्ली प्रत्येक चर्चेत येतं. ती सहा जणं मित्र होती, एका शाळेतली, समुद्राची सवय असलेली. इथे सहा वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतचा घोळका, निम्मे एकमेकांना ओळखतही नाहीत. पहिल्याच दिवशी आग हाताबाहेर जाते, तोंडावर डाग असलेला बारका त्यानंतर कोणालाच दिसत नाही, आणि किती मुलं आहेत हे कोणी मोजलेलंही नसतं! आटाशी तुलना कशी करणार?

आणि आटा ओसाड का होतं? १८६३ मध्ये गुलाम नेणाऱ्या जहाजाने तिथली माणसं पळवली, उरलेल्यांना टोंगाच्या राजाने दुसरीकडे हलवलं. कादंबरीत सोडवायला येणारा अधिकारीही युद्धनौकेवरूनच उतरतो, हे सहज आठवलं.

उणे साडेतीन
चष्म्यावर इतकं बोललात म्हणून. पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे नंबर उणे, काच अंतर्वक्र. ती किरण पसरवते, एकत्र आणत नाही. विस्तव पेटणंच शक्य नाही. सगळी कादंबरी या काचेवर उभी आहे!

तिरपागडा
ही चूक प्रसिद्ध आहे. पण भांडण पोरांना काय वाटतं यावर चालतं, आणि पोरांच्या दृष्टीने चष्मा म्हणजे काडेपेटी. चष्मा नेल्यावर पिगी आंधळा होतो, याचं नेणाऱ्यांना काहीच वाटत नाही.

जुना मास्तर
खारं बिस्किट, डाव लावलेला आहेच, पण कोणाविरुद्ध ते बघा. बॅलंटाइनच्या 'द कोरल आयलंड' या जुन्या साहसकथेत राल्फ, जॅक आणि पीटरकिन ही इंग्रज पोरं बेटावर कशी गुण्यागोविंदाने, शूरपणे राहतात. रानटी असतात ते दुसरे. गोल्डिंगने त्यातलीच राल्फ आणि जॅक ही नावं उचलली, आणि शेवटच्या पानावर त्या अधिकाऱ्याच्या तोंडी त्याच पुस्तकाचं नाव घातलं. स्वतः मुलांच्या शाळेत मास्तर होता, दुसऱ्या महायुद्धात नौदलात होता. 'आपण इंग्रज, आपल्याकडून असं होणार नाही' या समजुतीवर घाव आहे हा. टोंगाच्या पोरांनी त्याला उत्तर द्यायची गरजच नव्हती.

खारं बिस्किट
मग मास्तर, पुस्तकाला 'माणसाचा मूळ स्वभाव' म्हणून शिकवणं बंद करा. इंग्रज बोर्डिंग शाळेची कहाणी म्हणून शिकवा.

जुना मास्तर
तेवढ्याने सुटका नाही. सायमन या त्यांच्यातल्याच मुलाला सगळे मिळून मारतात त्या रात्री रिंगणात राल्फ आणि पिगीही असतात. दुसऱ्या दिवशी पिगी म्हणतो, अपघात होता. पुस्तकातला सगळ्यात शहाणा मुलगा हे म्हणतो, आणि त्याच्यावर कोणी चाकू रोखलेला नसतो. हे बोर्डिंग शाळेच्या माथी मारा बघू.