मोळा, खिळा, चूक: एकाच वस्तूची तीन नावं का?

प्रश्न
पन्हाळ्याकडच्या आमच्या जुन्या कौलारू घराचे वासे बदलायचं काम चाललंय. मिस्त्रींच्या हाताखाली मीही शिकतोय. सोबत अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्याच्या घरांविषयी वाचून टिपणं काढतो, आणि ती मराठीत लिहिताना अडतो. तिथं खिळ्यांचं माप 'पेनी'त: १६ पेनी म्हणजे ३.५ इंच, ८ पेनी म्हणजे २.५ इंच. मिस्त्री इंचातच बोलतात, पण मोळा, खिळा, चूक असे शब्द बदलत राहतात. सरसकट 'खिळा' लिहिलं तर चालेल? आणि उभ्या दांड्याच्या बाजूनं खिळा तिरका घालून खालच्या पट्टीत उतरवतात, त्याला काय म्हणायचं?

प्रतिसाद
सरसकट नको, दादा. चूक म्हणजे बारीक, पट्टीला किंवा पत्र्याला मारायची, अनेकवचन चुका. मोळा म्हणजे मोठा, वाशाला लागणारा. कानडीत खिळ्याला 'मोळे' म्हणतात. कोल्हापूरच्या बोलीत मोळा एवढा रुळलाय यात नवल नाही. खिळा हा दोन्हींना सामावणारा शब्द, संस्कृत 'कील'वरून आलेला. कामाला खीळ बसते ती त्याच घरातली. छापखान्यातल्या शिशाच्या अक्षरांनाही खिळेच म्हणत. 'पेनी'चं मूळ इंग्लंडमधल्या शंभर खिळ्यांच्या जुन्या भावात सांगतात, म्हणून ते भाषांतरित करू नका. इंच लिहा.

प्रतिसाद
मी सुतारकामातला, म्हणून क्रियापदाचं सांगतो. आम्ही मोळा 'मारतो', पण तिरका मोळा 'घालतो'. वेगळं नाव शोधू नका, 'तिरका मोळा' कुणालाही कळतं. तो दांड्याच्या टोकापासून मोळ्याच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांश वर धरायचा आणि दांड्याशी ३० अंशांच्या आसपास कलवायचा. फार खाली धरला तर कड फुटते, फार वर धरला तर खालच्या पट्टीत पुरेसा उतरत नाही. दोन्ही बाजूंनी घाला, एकाच बाजूनं मारत गेलात की दांडा सरकतो.

'टोक मारून घे' हेही टिपून ठेवा. मोळा उलटा, त्याचं डोकं खाली टेकवून धरायचा आणि टोकावर हातोडीचा एक हलका ठोका द्यायचा. अणकुचीदार टोक पाचरीसारखं लाकडाच्या रेषा (तंतू) फाकवतं, बोथट टोक त्या चेचत आत जातं. वाशाच्या शेवटाजवळ हे केलं नाही तर लाकूड उललंच म्हणून समजा. दोन मोळे एकाच रेषेवरही नकोत, पुढेमागे मारा.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी मिस्त्री म्हणाले, "आडव्या रेषेत मारलेला मोळा धरतो, लाकडाच्या तोंडात मारलेला ओढला की निघतो." हे 'तोंड' म्हणजे कापलेलं टोक, जिथं रेषांची टोकं दिसतात. मी टिपणात 'छेद' लिहिलं होतं, ते खोडून 'तोंड' केलंय.